गटाच्या कॉम्प्युटरचं घर बदलताना



एरवी या वेळेला आपण शेळीपालन, परसबाग, नाहीतर कर्जाच्या अर्जांबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. गेल्या महिन्यात आम्ही ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क काढली, तिच्या जागी एसएसडी नावाची नवी डिस्क बसवली, आणि विंडोजसकट आतलं सगळं तिच्यावर नेलं. लगेच रेडिओ बंद करू नका. ‘हे पोरांचं काम, आपल्याला काय कळतंय त्यातलं,’ असं आम्हीही म्हणायचो. असं म्हणण्याची किंमत आम्ही एकदा मोजलीय. आधी तेच सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉम्प्युटर फार हळू झाला होता. आम्ही तो रिक्षात घालून एका दुकानात नेऊन दिला. ‘उद्या घेऊन जा,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मशीन घरी आलं ते अगदी चपळ होऊन आलं. पण आत काहीच नव्हतं. बारा गटांची दोन वर्षांची खतावणी, कर्जवाटप, परतफेड, बैठकांचे फोटो, सगळं गेलं होतं. विचारलं तर म्हणाले, ‘फॉरमॅट मारला. तुम्ही डेटा ठेवा म्हणाला नव्हता.’ खरंच म्हणालो नव्हतो. डेटा ठेवायला सांगावं लागतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

पुढचे दोन महिने आम्ही घरोघरी पासबुकं गोळा करत हिंडलो. बहुतेकींचा हिशेब जुळला. एकीचा जुळेना. तिने कर्ज पूर्ण फेडलं होतं, पण शेवटचे दोन हप्ते पासबुकात चढले नव्हते, आणि पावत्या पावसाळ्यात घर गळलं तेव्हा भिजून गेल्या होत्या. कुणी तिला तोंडावर खोटं म्हटलं नाही. पण बैठकीत तिचं नाव आलं की सगळ्या गप्प व्हायच्या. दोन बैठका ती आलीच नाही. शेवटी सचिवताईंच्या हातच्या इतिवृत्ताच्या वहीत ते दोन्ही हप्ते तारखेसकट सापडले. पैसे तिने भरले होते, नोंद आम्ही घालवली होती, आणि मान मात्र तिला खाली घालावी लागली होती.

म्हणून यावेळी कॉम्प्युटर पुन्हा रडायला लागला तेव्हा आम्ही ठरवलं, की मशीन कार्यालयाबाहेर जाणार नाही आणि जे काही होईल ते आपल्यासमोर होईल.

आता तो रडत कसा होता ते सांगतो. सकाळी बटण दाबायचं, झाडून काढायचं, पाणी भरायचं, आणि तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असायचं. पाच-सहा मिनिटं लागायची. हिशेबाची फाइल उघडायला आणखी दोन. कुणी म्हणालं, व्हायरस असेल. कुणी म्हणालं, जुना झाला, नवा घ्या. नव्याची किंमत विचारली तर पस्तीस हजार. गटाच्या पैशातून एवढी रक्कम काढायची म्हणजे त्या महिन्यात कुणाचं तरी कर्ज थांबवायचं.

आमच्यातल्या एका सुनेने एमएससीआयटी केलेलं आहे. ती म्हणाली, आधी आजार कुठला ते तर बघू. तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. त्यात प्रोसेसर किती राबतोय, रॅम किती भरलीय आणि डिस्क किती राबतेय हे टक्क्यांत दिसतं. प्रोसेसर निवांत होता, रॅममध्ये जागा होती. डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर होती, आणि बराच वेळ तिथून खाली येईना. म्हणजे डोकं ठीक होतं, हात थकले होते.

असं का होतं, ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. जुन्या हार्ड डिस्कच्या आत जात्याच्या तळीसारखी गोल चकती असते. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे मारते. तिच्यावर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते आणि नोंद वाचते. प्रत्येक नव्या नोंदीसाठी दांडीला योग्य जागी जावं लागतं आणि चकतीचा तो भाग खाली येईपर्यंत थांबावं लागतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, पण तरी एका सेकंदात अशी शंभरएक ठिकाणंच गाठता येतात. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फायली इथून-तिथून वेचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. पेनड्राइव्हमध्ये असते तशीच, पण अधिक चांगल्या प्रतीची फ्लॅश मेमरी असते. दांडी नाही, चकती नाही, त्यामुळे वाट बघणं जवळजवळ नाहीच. तिला एका सेकंदात हजारो ठिकाणची नोंद उचलता येते. म्हणून तोच जुना कॉम्प्युटर एसएसडी लावली की तरणा वाटायला लागतो.

जाता जाता एक गंमत सांगतो. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या पन्नास चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. आमची एसएसडी तळहातावर मावते. सात सेंटीमीटर रुंद, दहा सेंटीमीटर लांब आणि खोबऱ्याच्या वडीपेक्षाही पातळ.

तर आजार कळला. आता प्रश्न असा, की विंडोज नवं घालायचं की जुनं आहे तसं उचलून न्यायचं?

मैत्रिणींनो, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घर चालवणारी बाई. घर बदलताना भांडीकुंडी टेम्पोत घालून नेता येतात. पण कुठला डबा कुठे, दूधवाला कधी येतो, गॅसची टाकी कधी संपेल, हे जिच्या डोक्यात आहे ती आली नाही तर नव्या घरात चहासुद्धा होत नाही. फायली म्हणजे भांडी. त्या नुसत्या नव्या डिस्कवर ओतल्या म्हणून कॉम्प्युटर सुरू होत नाही. विंडोज म्हणजेच ती बाई यावी लागते. तिला दोन तऱ्हांनी आणता येतं. एक म्हणजे कोरं विंडोज नव्याने घालायचं, मग एकेक सॉफ्टवेअर, प्रिंटर, फॉन्ट पुन्हा बसवायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे क्लोनिंग, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची.

व्हायरस असेल, विंडोज बिघडलेलं असेल तर कोरंच बरं, कारण नक्कल केली की रोगही नकलेत येतो. आमचं विंडोज नीट होतं. आणि आमच्याकडे नक्कल करायला आणखी एक कारण होतं. आमची जुनी इतिवृत्तं आणि प्रस्ताव युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तो फॉन्ट मशीनमध्ये नसेल तर ‘ठराव क्रमांक एक’ असं लिहिलेल्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतात. हिशेबाचं सॉफ्टवेअरही ज्याने बसवलं तो मुलगा आता पुण्याला गेलाय. म्हणून आम्ही घर आहे तसंच उचलायचं ठरवलं.

आणि इथे आम्ही पहिल्यांदा काय केलं, तर थांबलो. एसएसडी आणायच्या आधी सगळ्या कामाच्या फायली बाहेर काढून ठेवल्या. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह अध्यक्षताईंच्या कपाटात गेला, बाहेरची डिस्क सचिवताईंच्या घरी. आणि नुसत्या फायली टाकल्या म्हणून बॅकअप झाला असं आम्ही मानलं नाही. शाळेच्या कॉम्प्युटरवर जाऊन त्यातल्या फायली उघडून पाहिल्या. एक फाइल उघडलीच नाही. ती पुन्हा घेतली. ही फाइल नंतर हवी असताना उघडली नसती तर? म्हणून सांगतो, उघडून बघितलेली प्रत तीच खरी प्रत. पापड वाळले की नाही हे आपण डब्यात भरायच्या आधी मोडून बघतो ना, तसंच.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र बाकी सगळं सोडून आधी कामाच्या फायली काढा. अशी डिस्क कधीही बसू शकते. तिच्यावर तासभर नकलेचं ओझं टाकण्याआधी महत्त्वाचं ते हाताशी आलेलं बरं.

मग खरेदी. एसएसडी दोन-तीन रूपांत येते. एक आमच्यासारखी चपटी डबी, तिला साटा म्हणतात. जुन्या डेस्कटॉपला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपला ती चालते. दुसरी बोटाएवढी पट्टी, तिला एम डॉट टू म्हणतात. तिच्यासाठी मदरबोर्डवर खास खाच लागते, आणि त्या पट्टीतही प्रकार आहेत. म्हणून दुकानात जाताना मशीनचं नाव आणि मॉडेल कागदावर लिहून न्या, आणि ‘यात कुठली बसेल’ हे आधी विचारा. डेस्कटॉपसाठी साटाची केबल आहे का, तेही बघा. आमच्या मशीनमध्ये जादा केबल नव्हती, ती वेगळी आणावी लागली.

किती मोठी घ्यायची? आमची जुनी डिस्क पाचशे जीबीची. नवी घेतली दोनशे चाळीसची. त्यावर एका ताईंनी विचारलं, पाच शेराचं माप अडीच शेरात कसं ओतणार? बरोबर प्रश्न. पण डिस्क केवढी आहे यापेक्षा त्यात किती भरलंय ते बघायचं. आमच्यात एकशे सत्तर जीबी भरलेलं होतं. त्यातले साठ जीबी नुसते फोटो आणि व्हिडिओ, मेळाव्यांचे आणि हळदीकुंकवाचे. ते बाहेरच्या डिस्कवर हलवले. राहिले एकशे दहा. दोनशे चाळीसच्या डिस्कवर विंडोज दोनशे तेवीसच दाखवतं. तेव्हा फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसच्या, म्हणून आकडा कमी दिसतो. तरीही जवळजवळ निम्मी जागा मोकळी राहिली. एसएसडी काठोकाठ भरू नये, थोडी मोकळी असली की ती बरी चालते.

आम्हाला एसएसडी अठराशे रुपयांना पडली. भाव वर-खाली होतात, तेव्हा दोन दुकानांत विचारा, पक्कं बिल घ्या आणि वॉरंटीचा कागद गटाच्या फायलीत लावा.

नक्कल करायला सॉफ्टवेअर लागतं. काही कंपन्या आपल्या एसएसडीबरोबर ते फुकट देतात. क्लोनझिला नावाचं एक सगळ्यांसाठीच मोफत आहे, पण त्याला साधारणपणे नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते. आमच्यासारखं मोठीवरून लहानवर उतरवायचं असेल, तर तशी सोय असलेलं सॉफ्टवेअर आहे ना, हे आधी विचारून घ्या.

आम्ही तालुक्याच्या एका मेकॅनिक दादांना बोलावलं. म्हटलं, ‘दादा, मशीन दुकानात येणार नाही. तुम्हीच इकडे या. येण्याजाण्याचं भाडं देऊ, चहापोहे देऊ. पण हात आमचा, तुम्ही शेजारी बसून सांगायचं.’ दादा हसले, पण आले.

त्यांनी आधी एक गोष्ट विचारली, जी आमच्या मनातही आली नव्हती. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे का? काही कॉम्प्युटरमध्ये, विशेषतः नव्या लॅपटॉपमध्ये, हे कुलूप आपोआपच लागलेलं असतं. त्याची अठ्ठेचाळीस अंकांची रिकव्हरी की असते. ती हाताशी नसेल आणि डिस्क बदलल्यावर मशीनने मागितली, तर आपल्याच घराबाहेर आपण उभ्या. म्हणून आधी ती की कागदावर लिहून ठेवायची आणि नक्कल करण्याआधी कुलूप काढून घ्यायचं. आमच्यात कुलूप नव्हतं.

मग मशीन बंद केलं. नुसतं बंद नाही, भिंतीतून पिन काढली. झाकण उघडायच्या आधी मशीनच्या लोखंडी अंगाला हात लावला, कारण आपल्या अंगावरची स्थिर वीज आतल्या नाजूक भागांना मारू शकते. सिंथेटिक साडी आणि कोरडी हवा असली की ती जास्तच साठते. आत चार वर्षांची धूळ होती. मऊ ब्रशने ती काढली. एसएसडीला दोन केबली लावायच्या असतात, एक रुंद ती विजेची आणि एक अरुंद ती डेटाची. दोन्हींना एका टोकाला इंग्रजी एल अक्षरासारखी वाकडी खाच असते, त्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. जोर करायचा नाही. लॅपटॉप असेल तर आत दुसऱ्या डिस्कला बहुधा जागा नसते, तेव्हा यूएसबीला लावायची एक केबल मिळते, तिने नवी डिस्क बाहेरून जोडून नक्कल करतात.

आता सगळ्यात धोक्याची जागा. सॉफ्टवेअर विचारतं, कुठून आणि कुठे? सोर्स म्हणजे जुनी भरलेली डिस्क, डेस्टिनेशन म्हणजे नवी रिकामी. इथे उलटं झालं तर रिकाम्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होते, आणि भरलेली पुसली जाते. एका चुकीच्या बोटाने दोन वर्षांची खतावणी पुन्हा गेली असती. म्हणून आम्ही ‘डिस्क शून्य, डिस्क एक’ या नावांवर विसंबलो नाही. मोठी ती जुनी, लहान ती नवी, असं आकारावरून ओळखलं, आणि कंपनीचं नाव डिस्कवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं. एकीने मोठ्याने वाचलं, दुसरीने डिस्कवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, तिसरीने ‘हो’ म्हटलं. मगच बटण दाबलं. पैसे मोजताना दोघींनी मोजायचे हा गटाचा नियम आहे, तोच इथे लावला.

आणखी एक. विंडोजच्या डिस्कवर सी ड्राइव्ह दिसतो, पण त्याच्या आजूबाजूला एक-दोन लहान लपलेले भागही असतात. कॉम्प्युटर सुरू कसा व्हायचा हे त्यातल्या एकात लिहिलेलं असतं. नुसत्या सी ड्राइव्हची नक्कल केली तर घर येतं, पण दाराची किल्ली मागेच राहते. म्हणून पूर्ण डिस्कची नक्कल निवडायची.

नक्कल चालू असताना वीज जाऊन चालणार नाही. आमच्याकडे मंगळवारी दुपारी भारनियमन असतं, म्हणून बुधवार निवडला, आणि ग्रामपंचायतीतून इन्व्हर्टरची तार घेतली. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून आणि शिवाय चार्जर लावूनच बसा. आम्हाला सव्वा तास लागला. तेवढ्यात आम्ही महिन्याची वसुली मोजून टाकली.

नक्कल पुरी झाली. मशीन बंद केलं, पिन काढली, जुन्या डिस्कच्या दोन्ही केबली सोडवल्या. पहिल्यांदा सुरू करताना एकटी नवी डिस्कच जोडलेली असावी, असं दादा म्हणाले. एकसारख्या दोन डिस्क समोर असल्या की कॉम्प्युटर गोंधळतो, आणि आपण नव्यावर आहोत की जुन्यावरच, हे आपल्यालाही कळत नाही.

बटण दाबलं. काळा पडदा, आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की सुरू करायला डिस्कच सापडत नाही.

काय सांगू, पोटात गोळाच आला. चार वर्षांपूर्वीची ती सगळी दारं डोळ्यांपुढे आली, ज्यांच्यापुढे आम्ही पासबुकं मागत उभ्या राहिलो होतो. पण मग आमच्यातलीच एक म्हणाली, ‘घाबरताय कशाला? जुनी डिस्क इथे टेबलावर आहे. पेनड्राइव्ह कपाटात आहे. गेलंय काय आपलं?’ खरंच, काहीच गेलं नव्हतं. बॅकअपचा खरा अर्थ आम्हाला तेव्हा कळला. तो असला की चूक झाली तरी हात थरथरत नाहीत.

मग शांतपणे पाहिलं. दोन केबलींपैकी डेटाची केबल अर्धवट बसली होती. ती नीट दाबली. मशीन सुरू होताना डिलीट बटण दाबून बायोस उघडलं. काही मशीनना त्यासाठी एफ टू किंवा दुसरं बटण असतं, सुरुवातीला पडद्यावर तसं लिहून येतं. तिथे कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं याचा क्रम असतो. त्यात नवी डिस्क पहिल्या जागी आणली, बदल जतन केला, आणि पुन्हा सुरू केलं. वीस सेकंदांत आमचं नेहमीचं तुळशीचं चित्र पडद्यावर आलं. कुणीतरी टाळी वाजवली.

पण चित्र आलं म्हणजे काम संपलं असं नाही. आम्ही आधीच यादी केली होती. मराठी फॉन्टमधलं जुनं इतिवृत्त उघडतं का? प्रिंटर कागद काढतो का? हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं का? विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ दाखवतं का? मग बारा गटांची शेवटची नोंद वहीशी ताडली. सगळ्यात आधी कुणाचं खातं उघडलं असेल? त्याच आमच्या ताईचं. ती शेजारीच बसली होती. तिने स्वतः बोट ठेवून दोन्ही हप्ते वाचले, तारखेसकट. मग म्हणाली, ‘आता पुढचीचं काढा.’

आता जुन्या डिस्कचं काय करायचं? घाई करू नका. आम्ही तिच्यावर तारीख लिहून ती महिनाभर तशीच कपाटात ठेवली. महिनाभरात काही राहून गेलं असेल तर लक्षात येतं. त्यानंतरही ती भंगारवाल्याला द्यायची नाही. फाइल डिलीट केली तरी हार्ड डिस्कवर ती बराच काळ शिल्लक असते, जाणकार माणूस ती काढू शकतो. त्या डिस्कवर आपल्या बायकांचे आधार क्रमांक आहेत, बँक खाती आहेत, कुणी कशासाठी कर्ज काढलं तेही आहे. ती पुसायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, प्रत्येक भागाचं पूर्ण फॉरमॅट करावं लागतं. आमची डिस्क अजून धडधाकट होती, म्हणून ती तशी पुसून बॅकअपसाठी ठेवलीय.

एसएसडीची दोन पथ्यं सांगतो. जुन्या डिस्कला डिफ्रॅग करायची सवय असते, ती एसएसडीला नको. विंडोज तिची योग्य ती काळजी आपोआप घेतं. आणि दुसरं, एसएसडी आवाज करत नाही. हार्ड डिस्क जायच्या आधी कधीकधी कुरकुरते, टकटकते. एसएसडी कधी न सांगता गप्प होते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणंही फार अवघड. म्हणजे वेग वाढला, तशी बॅकअपची गरजही वाढली. आम्ही दर बैठकीच्या दिवशी प्रत घेतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशेब या पंचसूत्रीत आमच्यापुरतं सहावं सूत्र घातलंय, नियमित प्रत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डिस्क नवी झाली तरी विंडोज तेच जुनं राहतं. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षेचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवलाय. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाचा सुरक्षा-भाग आणि पुरेसा नवा प्रोसेसर लागतो, तो बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसतो. आमच्यातही नाही. म्हणून या कॉम्प्युटरवर आम्ही हिशेब आणि टायपिंग करतो, बँकेचे व्यवहार करत नाही. पुढे लिनक्स घालून बघायचा विचार आहे. ते मोफत आहे, त्यात मराठीही लिहिता येतं. पण जुना फॉन्ट आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यात चालतंय का, ते पाहिल्याशिवाय नाही. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

सगळा खर्च धरून, एसएसडी, केबल, दादांचं भाडं आणि मजुरी मिळून, अडीच हजारांच्या आत काम झालं. त्या महिन्यात कुणाचंही कर्ज थांबलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचा कॉम्प्युटर चांगला चालत असेल तरी पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपल्या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे? ती शेवटची कधी घेतली? आणि ती उघडून कुणी पाहिलीय? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, तर बैठक तिथेच थांबवा आणि आधी ते काम करा. मशीन दुरुस्तीला द्यायचंच झालं तर ‘डेटा ठेवा’ असं कागदावर लिहून, सही घेऊन द्या, आणि जमलं तर समोर बसा. सगळं समजलंच पाहिजे असं नाही. समोर बसून ‘हे कशाला, ते कशाला’ विचारलं तरी निम्मं समजतं. आम्ही तसंच शिकलो.

चला, वसुलीची वेळ झाली. नमस्कार.